'इतर' रकान्यातला फोन : अकरा महिन्यांच्या वापरानंतर

अक्कलकोट रोडच्या औद्योगिक वसाहतीतील टॉवेलच्या एका कारखान्यात मी ऑर्डरी आणि माल रवानगीचे काम पाहतो. दिवसाला साठ-सत्तर फोटो, तेवढेच कॉल, व्हॉट्सॲपवर येणाऱ्या रंगांच्या आणि मापांच्या याद्या, ई-वे बिले आणि यूपीआयचे व्यवहार हे सगळे एकाच फोनवर चालते. त्यामुळे एखादा फोन चांगला की वाईट हे मला पहिल्या आठवड्यात सांगता येत नाही. सोलापूरचा एक उन्हाळा काढून आणि यंत्रमागांच्या शेडमधली कापसाची धूळ सोसून तो उभा राहिला, तरच त्याच्याविषयी लिहावे असे मला वाटते. हा फोन मी गेल्या दिवाळीच्या तोंडावर नवी पेठेतून १६,४९९ रुपयांना घेतला आणि तेव्हापासून दुसरा फोन मनाने घेतलेला नाही. मध्ये एक महिना घ्यावा लागला, त्याची हकीकत पुढे येईलच.

हा एका ग्राहकाचा एका फोनचा अनुभव आहे आणि तेवढ्यावरून कुणाच्या नावाला बट्टा लागू नये, म्हणून कंपनीचे नाव येथे लिहीत नाही. इतके सांगितले तरी पुरे, की एकेकाळी ज्यांच्या नावाच्या पाट्या मोबाइलच्या दुकानांवर असत अशा कंपन्यांपैकी ही एक आहे आणि आज विक्रीच्या तक्त्यांत तिची गणना 'इतर' या रकान्यात होते. हे ठाऊक असूनही मी तो घेतला, कारण दुकानात हातात धरल्यावर तो मला आवडला, आणि खरे सांगायचे तर तो आजही आवडतो.

आवडण्याचे मोठे कारण म्हणजे कॅमेरा. टॉवेलच्या धंद्यात फोटो सुंदर येण्यापेक्षा तो खरा येणे महत्त्वाचे असते. माझा आधीचा फोन प्रत्येक रंग भडक करून दाखवायचा. मरून काठाच्या टॉवेलचा फोटो मुंबईच्या एका व्यापाऱ्याला पाठवला, त्याला तो टोमॅटोसारखा लाल दिसला आणि तशाच अपेक्षेने त्याने दिलेली ऑर्डर माल पोहोचल्यावर परत आली. या फोनवर शेडकार्ड (रंगांच्या नमुन्यांचे कार्ड) आणि टॉवेल शेजारी ठेवून खिडकीच्या उजेडात फोटो काढला, की मरून मरूनच दिसतो आणि मोरपिशी निळ्याकडे झुकत नाही. जकार्डवर विणलेल्या काठातली वेलबुट्टी जवळून घेतली, तर उभे-आडवे धागे वेगळे ओळखू येतात. अकरा महिन्यांत रंगाच्या कारणावरून माझ्याकडे एकही तक्रार आलेली नाही. ज्या कुणी या कॅमेऱ्याची रंगसंगती ठरवली, त्यांनी ती जाहिरातीतल्या फोटोपेक्षा डोळ्यांना जुळवून ठरवली आहे, आणि त्याबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

आवाज स्पष्ट आहे, दोन सिमकार्डे विनातक्रार चालतात, इअरफोनची गोल पिन अजून ठेवलेली आहे आणि नको असलेली ॲप जवळपास नाहीत. चार्जिंगच्या खाचेत कापसाचे तंतू साठून महिन्या-दोन महिन्यांनी केबल ढिली बसू लागते, पण हा दोष फोनचा नाही. फोन बंद करून लाकडी दातकोरणीने हलकेच ओढले, की करड्या लोकरीसारखी गुंडाळी बाहेर येते आणि केबल पुन्हा घट्ट बसते. शेडमध्ये काम करणाऱ्यांनी टाचणी मात्र वापरू नये, आतल्या पट्ट्या खरवडल्या जातात.

उन्हाळ्यात खरी परीक्षा झाली. एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा ४२-४३ अंशांवर जातो आणि पत्र्याच्या शेडखाली त्याहून जास्त जाणवते. दुपारी एक ते चारच्या दरम्यान फोन तापल्याची सूचना येई, पडद्याचा उजेड आपोआप मंद होई आणि चार्जिंग थांबे. अशा वेळी फोनने स्वतःला सांभाळून घेणे योग्यच आहे. तरीही लिथियम-आयन बॅटरी उष्णतेने लवकर जुनी होते हे काही टळत नाही. डिसेंबरात रात्री आठला घरी परतताना ३५ टक्के शिल्लक असायची, आता त्याच कामाला १२-१३ टक्के उरते. ५,००० एमएएचची बॅटरी एका उन्हाळ्यात इतकी खाली येणे मला थोडे जास्त वाटते, पण जवळजवळ अशीच घसरण मी दुसऱ्या फोनांतही पाहिली आहे. बॅटरी बदलून मिळाली, तर हा फोन आणखी दोन वर्षे सहज चालेल.

मिळाली तर, असे म्हणावे लागते आणि माझी अडचण येथूनच सुरू होते.

जूनमध्ये कारखान्याच्या जिन्यावर फोन हातातून सुटला आणि पडद्याच्या उजव्या कोपऱ्यातून तडा गेला. चूक माझी होती, त्यामुळे हमीत दुरुस्ती मिळावी अशी अपेक्षा नव्हती. खरेदीच्या वेळी कंपनीच्या यादीत सोलापुरात एक अधिकृत सेवा केंद्र होते. त्या पत्त्यावर गेलो तर शटर बंद होते. शेजाऱ्याने दुसऱ्या एका दुकानाचा रस्ता दाखवला, जिथे कंपनीचे फोन फक्त स्वीकारले जातात आणि दुरुस्तीसाठी पुण्याला पाठवले जातात. पुणे येथून सुमारे २५० किलोमीटर आहे, अंतर फार नाही. फोन दुसऱ्याच दिवशी तेथे पोहोचला, मात्र पडदा शिल्लक नव्हता. चौतीस दिवसांनी फोन परत आला आणि बिल ६,२०० रुपयांचे झाले, म्हणजे फोनच्या किमतीच्या एक तृतीयांशाहून अधिक. काम मात्र स्वच्छ केलेले होते, कडेला फट नाही, उजेडात फरक नाही. तंत्रज्ञांकडे कसब होते, त्यांच्या हातात द्यायला भाग नव्हता.

ते चौतीस दिवस मी कपाटातल्या जुन्या फोनवर काढले. सिम बदलल्यामुळे यूपीआयची नोंदणी नव्याने करावी लागली, पहिले चोवीस तास रकमेवर मर्यादा आली, आणि नेमके त्याच दिवशी सुताच्या पेमेंटसाठी मालकांना स्वतः बँकेत जावे लागले.

त्या काळात मी नवी पेठेत पडद्यावर चिकटवायच्या काचेसाठी आणि मागच्या कव्हरसाठीही फिरलो. ज्यांच्याकडून फोन घेतला, त्या दुकानदारांनी ड्रॉवर उघडून दाखवला. चार-पाच मोठ्या कंपन्यांच्या प्रत्येक मॉडेलच्या काचा गठ्ठ्यांनी लावलेल्या होत्या. ते म्हणाले, "मालक, फोन चांगलाय, मी काय खोटं सांगितलं नव्हतं. पण ह्याची काच ठेवून विकू कुणाला? महिन्याला दोन गिऱ्हाइकं येत नाहीत." मग थोडे थांबून म्हणाले, "तुम्ही परत विकायला आणला, तर मलाच दर सांगायला लाज वाटंल."

एखाद्या फोन कंपनीचे पुढे काय होणार हे या वाक्यात मला जितके कळले, तितके बाजाराच्या आकड्यांतून कळले नव्हते. शहरात फोन कमी, म्हणून दुकानदार काच ठेवत नाही. काच मिळत नाही, म्हणून दुसऱ्यांदा कुणी तो फोन घेत नाही. सेवा केंद्र चालवणाऱ्याला हमीतल्या प्रत्येक दुरुस्तीमागे कंपनीकडून ठरावीक रक्कम मिळते. दिवसाला दोनच फोन आले, तर जागेचे भाडे आणि कारागिराचा पगार त्यातून कसा निघावा? म्हणून शटर खाली येते. पडद्याचेही तसेच. प्रत्येक मॉडेलचा पडदा वेगळा, त्याची मागणी हजारोंच्या संख्येने द्यावी लागते, आणि ती बहुतेक उत्पादनाच्या वेळीच दिली जाते. रोकड कमी असलेली कंपनी तेव्हा पैसे नव्या फोनांत घालते आणि सुट्या भागांत हात आखडता घेते. त्या दिवशी ते शहाणपणाचे वाटत असेल, पण दीड वर्षाने त्याची किंमत ग्राहक मोजतो आणि त्यानंतर कंपनी मोजते.

सॉफ्टवेअरची गोष्ट याहून निराळी नाही. दोन अँड्रॉइड आवृत्त्या आणि दर दोन महिन्यांनी सुरक्षा अपडेट, असे आश्वासन होते. पहिली आवृत्ती उशिरा का होईना आली आणि नीट चालली. मार्च ते ऑगस्ट या काळात मात्र एकही सुरक्षा अपडेट आले नाही. फोनवर बँकेचे व्यवहार करणाऱ्या माणसाला ही गोष्ट डोळ्याआड करता येत नाही. गूगलने २०२३ मध्ये पिक्सेल ८ ला आणि सॅमसंगने २०२४ मध्ये एस २४ ला सात वर्षे अपडेट देण्याची हमी दिली. ते महाग फोन आहेत आणि माझ्या फोनाकडून तेवढी अपेक्षा कुणी करणार नाही. पण दिलेला छोटा शब्द पाळणे हे मोठा शब्द देण्यापेक्षा कमी खर्चाचे असते.

माझे वडील यंत्रमागावर होते आणि त्यांच्याकडे नोकिया ११०० होता. २००३ साली आलेल्या त्या फोनला धूळ आत जाऊ नये असा सलग कीपॅड होता, घामेजल्या हातातून निसटू नयेत अशा बाजू होत्या आणि वर टॉर्च होता. वीज गेल्यावर तुटलेला धागा त्या उजेडात शोधलेला मी पाहिला आहे. तसे २५ कोटींहून अधिक फोन विकले गेले. ज्या कंपनीने आमच्या शेडमधली धूळसुद्धा विचारात घेतली होती, तिने दहा वर्षांनी, २०१३ मध्ये, आपला फोनचा व्यवसाय मायक्रोसॉफ्टला विकायचे जाहीर केले आणि २०१४ च्या नोव्हेंबरात तमिळनाडूतील श्रीपेरुंबुदूरच्या कारखान्यातले काम थांबले. त्याच वर्षाच्या अखेरच्या तिमाहीत एका संस्थेच्या मोजणीनुसार मायक्रोमॅक्स ही भारतीय कंपनी भारतात सॅमसंगच्याही पुढे होती. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले, ४जी फोनांची मागणी एकदम उसळली, चिनी कंपन्या तयार होत्या आणि आपल्या कंपन्या मागे पडल्या. पहिला अँड्रॉइड फोन बनवणाऱ्या एचटीसीने आपल्या अभियंत्यांचा मोठा गट गूगलकडे सोपवला. एलजीने सहा वर्षांत सुमारे साडेचार अब्ज डॉलरचा तोटा सोसून ५ एप्रिल २०२१ रोजी फोनचा व्यवसाय बंद करत असल्याचे जाहीर केले.

या कंपन्यांना चांगला फोन बनवता येत नव्हता, असे कुणी म्हणू शकणार नाही. बाजार वळला तेव्हा वळायला लागणारा पैसा किंवा वेळ त्यांच्याकडे उरला नव्हता. पण एलजीची एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते : दुकान बंद करतानाही त्यांनी आपल्या महागड्या फोनांना पुढील अँड्रॉइड आवृत्त्या देण्याचे जाहीर केले.

माझ्या फोनच्या कंपनीने पुढे काय करावे, यावर मी दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत बराच विचार केला आहे, कारण ती टिकावी असे मला वाटते. वर्षाला आठ-दहा मॉडेल काढून मोठ्यांशी किमतीत भांडणे तिला झेपणार नाही. सुटे भाग मोठ्या प्रमाणात घेणाऱ्याला ते नेहमीच स्वस्त पडतात. दोनच मॉडेल काढावीत, दोन्हींना एकच पडदा आणि एकच बॅटरी असावी, आणि तीन वर्षे तीच चालू ठेवावीत. मग पुण्यात शंभर पडदे ठेवणे परवडते आणि नवी पेठेतला दुकानदारही काचेचा एक गठ्ठा घेतो. हे केवळ स्वप्नरंजन नाही. नेदरलँड्समधील फेअरफोन ही फार लहान कंपनी. तिने २०१५ मध्ये आणलेल्या दुसऱ्या फोनला २०२३ पर्यंत अपडेट दिले, आणि तिच्या फोनची बॅटरी व पडदा ग्राहक घरी स्वतः बदलू शकतो. २०२३ मध्ये नोकियाच्या नावाने आलेला जी २२ हाही घरी दुरुस्त करता येईल असाच बनवला होता. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून फोनचे सुटे भाग सात वर्षे मिळालेच पाहिजेत असा नियम लागू झाला आहे. जे तेथे कायद्याने करावे लागते, ते येथे स्वतःहून करून दाखवण्याची संधी आज लहान कंपनीला आहे. मोठ्यांना त्याची गरज भासत नाही, तोवरच ती आहे.

घ्यावा की नाही, असे मला कारखान्यात तिघांनी विचारले. ज्याचा धंदा फोनवर चालतो आणि ज्याच्याकडे दुसरा फोन नाही, त्याला मी सध्या नको म्हणून सांगितले. आमच्या डिझाइन विभागातल्या मुलीला मात्र घे म्हणालो. तिला रंगांसाठीच हवा होता, आणि तिच्याकडे रोजच्या वापराचा वेगळा फोन आहे. तिने तो घेतला व ती समाधानी आहे.

माझ्या फोनची हमी पुढच्या महिन्यात संपते. बॅटरी हमीत बसत नसल्याचे कळल्यावर पैसे भरून ती बदलून घ्यायचे ठरवले आणि गेल्या सोमवारी फोन पुण्याला पाठवणाऱ्या त्याच दुकानात मागणी नोंदवली. त्यांनी १,४५० रुपये सांगितले, पाचशे आगाऊ घेतले आणि पावती दिली. बॅटरी कधी येईल असे विचारल्यावर काउंटरवरच्या मुलाने पुण्याला फोन लावला, बराच वेळ कानाशी धरला आणि तारखेची जागा कोरीच ठेवून पावती माझ्या हातात दिली. पडदा आला होता, तशी बॅटरीही येईल असे धरून मी ती पावती पाकिटात ठेवली आहे. ती बसवल्यावर संध्याकाळी किती टक्के उरते, ते येथेच खाली लिहीन.