चिपच्या चावीची गाडी आणि रिमोट स्टार्ट: डब्यातली चावी, डेटा मॉड्यूल की कंपनीचीच सोय?

कॅनडात पहिला हिवाळा काढलेल्या माणसाला घरातूनच गाडी सुरू करून गरम ठेवण्याची सोय चैनीची वाटत नाही. मात्र दुकानात गेल्यावर बोलणे रिमोट किती लांबून चालतो याच्याच भोवती फिरत राहते आणि खरा निर्णय मागे पडतो. तो असा, की चावी खिशात असताना गाडीच्या इमोबिलायझरचे, म्हणजे ओळखीची चावी नसल्यास इंजिन चालू न देणाऱ्या यंत्रणेचे, समाधान कशाने करायचे? कॅनडात १ सप्टेंबर २००७ पासून नव्या मोटारींना इमोबिलायझर सक्तीचा आहे, त्यामुळे जुनी गाडी घेणाऱ्यांचीही या प्रश्नातून सहसा सुटका नाही.

चावीच्या प्लॅस्टिकच्या डोक्यात एक बारीक चिप असते आणि तिला बॅटरी लागत नाही. इग्निशनच्या कुलपाभोवती बसवलेले तारेचे कडे तिला वीज पुरवते, गाडी एक आकडा पाठवते, चिप त्याचे सांकेतिक उत्तर देते आणि उत्तर जुळले तरच इंजिन चालू राहते. स्टार्टरच्या वायरला नुसती वीज देऊन भागत नाही ते यामुळेच.

यावरचा सर्वांत जुना तोडगा म्हणजे नोंदवलेली जादा चावी एका डबीत घालून डॅशबोर्डच्या आत बांधणे. डबीतल्या तारेचे वेटोळे एका रिलेमार्फत (विजेने चालणाऱ्या स्विचमार्फत) इग्निशनच्या कड्याशी जोडले जाते. रिमोट दाबल्यावरच रिले ही जोडणी पूर्ण करतो आणि गाडीला ती चावी ‘दिसते’, एरवी दिसत नाही. ही रचना साधी असून तिच्यात बिघाड क्वचितच होतो. पण इमोबिलायझरचे उत्तर कायमचे गाडीतच राहते आणि डबी कोठे असते हे चोरालाही ठाऊक असू शकते. म्हणून हाच मार्ग घ्यायचा असेल, तर पाते न कापलेली चावी किंवा केवळ चिप आत ठेवावी. खर्चाचेही पाहावे लागते: फोर्डच्या अनेक गाड्यांत दोन चालू चाव्या हाताशी असल्या तर तिसरी मालकालाच नोंदवता येते, पण जुन्या गाडीबरोबर बहुधा एकच चावी मिळते आणि मग डीलरकडे किंवा चावीवाल्याकडे जाणे आले. बटणाने सुरू होणाऱ्या गाडीत मात्र बॅटरीची अख्खी चावी आत ठेवण्याच्या फंदात पडूच नये.

दुसरा तोडगा डेटा मॉड्यूलचा: हे छोटे उपकरण गाडीच्या संगणकाच्या वायरींवर बसते आणि योग्य उत्तर स्वतःच देते, त्यामुळे चावी आत ठेवावी लागत नाही. टोरंटोजवळच्या मिसिसॉगातल्या एका दुकानात मी हे काम जवळून पाहिले. कारागिराने स्टिअरिंगखालचे आवरण काढले, मॉड्यूल जोडून चावी फिरवली, मग ते काढून लॅपटॉपला लावले. मॉड्यूलने टिपलेली माहिती इंटरनेटवरून मॉड्यूलच्या उत्पादकाच्या सर्व्हरकडे गेली, तिकडून आलेले उत्तर त्यात भरले गेले आणि ते पुन्हा जागेवर बसले. अडचण एवढीच, की प्रत्येक सांकेतिक पद्धतीला तोड निघालेली नसते, आणि ‘तुमच्या मॉडेलला चालेल’ या शब्दावर विसंबण्याऐवजी वर्ष, ट्रिम (मॉडेलची उपश्रेणी) व चावीचा प्रकार सांगून उत्पादकाच्या यादीत खात्री करून घ्यावी लागते. वायर सोलून जोडण्यापेक्षा तयार टी-हार्नेस, म्हणजे गाडीच्या मूळ प्लगांमध्ये बसणारी वायरजोडणी, वापरणारा कारागीर शोधावा. पुढे गाडी विकताना सगळे काढणेही सोपे जाते.

कंपनीने दिलेल्या रिमोट स्टार्टमध्ये हा प्रश्न उद्भवतच नाही, आणि नवी गाडी घेणाऱ्याने आधी तोच पाहावा. त्याचा पल्ला बहुधा कमी असतो, आणि काही वेळा सोय वर्गणीशी बांधलेली असते. २०२१ च्या अखेरीस टोयोटाच्या काही गाड्यांत चावीवरचा रिमोट स्टार्टही सशुल्क सेवेवर अवलंबून असल्याचे समोर आले, तेव्हा बरेच मालक चकित झाले होते.

गाडी जुनी, ऑटोमॅटिक आणि यादीत असलेली असेल, तर मी डेटा मॉड्यूलच घेईन. यादीत नसेल तरच डबीचा विचार करीन. बॉनेट उघडे असताना इंजिन सुरू होऊ न देणारा स्विच दोन्हींत बसवून घ्यावा. बंद गॅरेजमध्ये रिमोट कधीही वापरू नये, कारण साठणारा कार्बन मोनॉक्साइड घरात शिरतो. टोरंटोत तर उभ्या गाडीचे इंजिन तासाभरात एका मिनिटाहून अधिक चालू ठेवण्यास नियमाने मनाई आहे, त्यामुळे रस्त्यावर गाडी लावणाऱ्याने पैसे भरण्यापूर्वी या नियमाचाही विचार करावा.