अलिबागची बेने इस्राएल रिक्षा सफर – साडेतीन स्टार

न्यूयॉर्कचा मावसभाऊ आलेला, त्याला कुलाबा किल्ला वगैरे नको, म्हणे इथल्या ज्यूंचं, म्हणजे बेने इस्राएल लोकांचं, काय ते दाखव. मग एका होमस्टेवाल्यांकडून अर्ध्या दिवसाचं पॅकेज घेतलं, रिक्षा आणि माहिती सांगायला गावातलाच पोरगा.

पहिलं नवगाव. इथे त्यांच्या पूर्वजांचं जहाज फुटलं, सात बाया सात पुरुष वाचले, बाकीच्यांना इथेच पुरलं अशी कथा, स्मारकाचा खांब आहे. पण आमच्या गाईडसाहेबांनी सालासकट ठोकून दिलं, जसं काय स्वतः दोर टाकून वर काढलं सगळ्यांना! अरे बाबा, ही परंपरा आहे, कागद कुठाय? न्यूयॉर्कला, तेव्हा ती डचांची वसाहत, १६५४ मध्ये ब्राझीलच्या रेसिफेहून २३ ज्यू उतरले, गव्हर्नर स्टायव्हेसंट त्यांना हाकलायला बघत होता आणि डच कंपनीने राहू दिलं, ती सगळी पत्रं आहेत. भाऊ हे सांगायला लागला तर गाईड लगेच 'चला, पुढे उशीर होईल'.

घाण्याचं मात्र झकास सांगितलं. ही मंडळी तेल गाळायची, शनिवार म्हणजे ज्यूंचा विश्रांतीचा दिवस, घाणा बंद, म्हणून लोक शनिवार तेलीच म्हणायला लागले. बाकी प्रार्थना विसरले पण शेमा, म्हणजे देव एकच आहे असं सांगणारी ज्यूंची मुख्य प्रार्थना, तेवढी राहिली, आडनावं म्हणाल तर किहीमचे केहिमकर, रोह्याचे रोहेकर, पेणचे पेणकर, काय कळणार!

इस्राएल आळीतलं मागेन अबोथ सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनागृह, १८४८ चं, आत्ताची इमारत १९१० ची. इथे खरंतर निवांत बसायला हवं होतं पण पाच-दहा मिनिटांत बाहेर, कारण पुढचं गिऱ्हाईक. याचाच अर्धा स्टार कापला.

खंडाळ्याजवळ (घाटातलं नव्हे, अलिबागजवळचं गाव) एलियाहू हन्नाबीचा, म्हणजे प्रेषित एलियाहूचा, खडक आहे, त्याच्या रथाची चाकं आणि घोड्याच्या टापा उमटल्यात असं मानतात. टापा काय मला दिसल्या नाहीत, चाकाचा चर मात्र बोट फिरवलं की लागतो. लोक इथे नवस फेडायला येतात, मलिदा करतात, म्हणजे भिजवलेले गोड पोहे, ओलं खोबरं, सुकामेवा, वर फळं. पॅकेजमधला 'मलिदा' निव्वळ गोड पोहे होते, वेलचीचा वाससुद्धा नाही, ते सोडा.

जायचं तर शनिवार टाळा, डोकं झाकायला टोपी-रुमाल ठेवा, आणि सिनेगॉगमध्ये किती वेळ थांबणार ते पैसे द्यायच्या आधीच ठरवून घ्या.