130 मिमी टेबलटॉप डॉब्सोनियन : बेळगावच्या दक्षिण आकाशाला चालते का?

दुर्बिणींची बहुतेक परीक्षणं युरोप-अमेरिकेच्या आकाशाला धरून लिहिलेली असतात. तिथे ध्रुव तारा चाळीस-पन्नास अंशांवर असतो आणि त्रिशंकू हा दक्षिणेचा तारकासमूह उगवतच नाही. बेळगाव आहे साधारण 15.85 उत्तर अक्षांशावर. इथे अगस्ती तारा मध्यमंडलावर (डोक्यावरून जाणाऱ्या उत्तर-दक्षिण रेषेवर) 21 अंशांपर्यंत चढतो, अग्रनद 17, मित्र-मित्रक 13 ते 14, तर त्रिशंकूचा पायथ्याचा तारा 11 अंशांवर येतो. पुण्याहून तोच तारा जेमतेम साडेआठ अंशांवर दिसतो. गुरू-शनी मात्र सध्या जवळपास डोक्यावरून जातात. म्हणजे एकाच दुर्बिणीला क्षितिजालगतही बघायचं आहे आणि आभाळाच्या मध्यावरही. 130 मिमी आरसा, 650 मिमी नाभीय अंतर, ओढून लांब करायची नळी आणि लाकडी फिरता पाट अशी ही टेबलटॉप डॉब्सोनियन दोन-तीन कंपन्यांच्या नावाने मिळते. रचना जवळपास सारखीच असल्याने इथे लिहिलेलं सगळ्यांना लागू पडेल.

याच मापाच्या आरशाची विषुववृत्तीय माउंटवरची (ध्रुवाकडे रोखलेल्या अक्षावर फिरणाऱ्या बैठकीवरची) दुर्बीण दिसायला भारदस्त असते, म्हणून मुलांसाठी तीच घेतली जाते. आमच्या भागात ती घेऊ नये. अक्षांशाचा काटा 16 वर आणला की ध्रुव-अक्ष जवळजवळ आडवा होतो आणि वजनाची दांडी फिरताना तिपाईच्या पायाला आपटते. कित्येक स्वस्त माउंट तर 20 च्या खाली नीट उतरतच नाहीत. शिवाय ध्रुव तारा 16 अंशांवर, म्हणजे शेजारच्या पाण्याच्या टाकीमागे. त्या माउंटचा फायदा एकच, तारा दृश्यात धरून ठेवणं. पण मित्राजवळचे तारे दृश्यातून सरकतात ते विषुववृत्ताजवळच्या ताऱ्यांच्या निम्म्याच वेगाने. 10 मिमी आयपीसने (डोळ्याजवळच्या भिंगाने) 65 पट मोठं करून पाहिलं तर शनी तीनेक मिनिटांत बाहेर जातो, मित्र सहा मिनिटं राहतो. हाताने ढकलायला तेवढा वेळ पुष्कळ झाला.

आता ठेवायची कुठे? टेबलटॉप म्हणून प्लास्टिकच्या स्टुलावर ठेवाल तर फोकसला हात लावला की तारा नाचतो. सुताराकडून जाड फळीची, तीन पायांची, दोन फूट उंचीची तिपाई करून घ्यावी. चौथा पाय असला की गच्चीच्या उतारावर ती डुगडुगते. गच्चीच्या जमिनीवरच ठेवली तर तीन फुटी कठड्यापासून निदान 11-12 फूट मागे सरकावं लागतं, नाहीतर त्रिशंकूऐवजी कठडाच दिसतो.

त्रिशंकूसाठी मे महिना. 20 मेच्या आसपास तो रात्री नऊच्या सुमाराला दक्षिणेला ताठ उभा असतो. तासाभराने ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ मध्यमंडलावर येतो, सुमारे 27 अंशांवर, आणि अकराच्या पुढे मित्र. जूनमध्ये पावसाचे ढग आले की संपलं. अगस्ती फेब्रुवारीच्या मध्यावर नऊला, अग्रनद डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात नऊला. मात्र निपाणी-चिकोडी पट्ट्यात हे दोन्ही गळीत हंगामाचे दिवस. पाचट पेटवल्याचा धूर क्षितिजालगत थरासारखा बसतो आणि अग्रनद त्यात बुडतो. वारा असलेली रात्र निवडा.

जागेचं म्हणाल तर शहराच्या दक्षिणेला जावं. काकती-होनग्याकडून पाहिलं तर बेळगावचा सगळा उजेड नेमका दक्षिणेला येतो. येळ्ळूर, खानापूर, जांबोटी बाजूला तोच उजेड पाठीमागे राहतो. जांबोटीकडे झाडी उंच आहे, तेव्हा दक्षिण मोकळी असलेला माळ दिवसाउजेडी हेरून ठेवावा. दृष्टिरेषा पत्र्यांवरून किंवा तापलेल्या स्लॅबवरून जाऊ देऊ नये, तिथली हवा मध्यरात्रीपर्यंत उकळत असते.

26 पटीत (25 मिमी आयपीस) दृश्य जवळपास दोन अंशांचं मिळतं आणि या दुर्बिणीची खरी मजा तिथेच आहे. ओमेगा सेंटॉरी कापसाच्या बोळ्यासारखा दिसतो. 65 पटीत त्याच्या कडेचे दाणे सुटे व्हायला लागतात. मित्र हा जोडतारा आहे. 2016 च्या सुमाराला दोघांमधलं अंतर चार विकलांपर्यंत (विकला म्हणजे अंशाचा 3600 वा भाग) आलं होतं, ते आता वाढतं आहे. 65 पटीत तो फुटतो. त्रिशंकूच्या पायथ्याचा ताराही जोडतारा, पण अंतर चारच विकला. त्याला 2 पट बारलो (पट दुप्पट करणारं जादा भिंग) लावून 130 पट करावी लागते आणि हवा शांत नसेल तर तो फुटत नाही. हा दोष दुर्बिणीचा नव्हे. 11 अंशांवर आपण डोक्यावरच्या तुलनेत सुमारे पाचपट हवेतून बघत असतो.

तिथेच एक तक्रार हटकून ऐकू येते, की ताऱ्याच्या एका कडेला लाल आणि दुसरीला निळी किनार दिसते, म्हणजे माल खराब. आरशाच्या दुर्बिणीत नाभीवर रंग फाकत नाहीत. हवाच लोलकासारखी रंग फोडते. खात्री करायची असेल तर तीच आयपीस ठेवून चित्रा ताऱ्याकडे वळवा. मे महिन्यात ती 60 अंशांच्या वर असते. किनार गेली तर दोष हवेचा. तरीही राहिली तर आयपीस तपासा.

ग्रहांवर ती अपेक्षेपेक्षा बरी आहे. गुरूचे चार चंद्र 26 पटीतच दिसतात, दोन पट्टे 65 पटीत. शनीची कडी 2025 च्या मार्चमध्ये आपल्याला धारेवर, म्हणजे नुसत्या कडेने दिसेल अशी होती. आता ती हळूहळू उघडत आहेत आणि 2032 च्या सुमाराला पुरती उघडतील. म्हणून आत्ता शनी बारीक रेघ ओढल्यासारखा दिसला तर दुर्बिणीला नावं ठेवू नका. युरेनस 130 पटीत चिमुकली हिरवट चकती दिसतो, नेपच्यून मात्र ताराच वाटतो. अडचण एवढीच, की ग्रह अगदी डोक्यावर आला की पाट कितीही फिरवला तरी नळी हवी तिकडे सरकत नाही. अर्धा-पाऊण तास आधी किंवा नंतर पाहावं.

सोबत येणारी 25 मिमी आयपीस चांगली, 10 मिमी कामचलाऊ. पहिला जादा खर्च 6 मिमी आयपीसवर (108 पट) करावा. फोकसरचे (आयपीस पुढे-मागे करायच्या भागाचे) आटे ढिले असतात आणि आयपीस लटकली की प्रतिमा सरकते. नळाच्या जोडाला वापरतात ती पांढरी टेफ्लॉन टेप आट्यांवर तीन-चार वेढे गुंडाळली की काम भागतं. नळी मधे उघडी असल्याने रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड आत शिरतो आणि पार्श्वभूमी करडी होते. काळ्या फोम शीटचा घेर करून वेल्क्रोने अडकवा. चार्ट पेपर नको, दंवाने लोळागोळा होतो.

आरसा बाहेरच्या तापमानाला यायला अर्धा तास द्यावा. चोर्ल्याच्या रस्त्याने नेली असेल तर आरशांची जुळणी आधी तपासावी. उंचावरच्या तेजस्वी ताऱ्यावर फोकस बिघडवून गोल चकती करा. मधली काळी सावली मध्यावर नसेल तर मागचे तीन स्क्रू एकेक करून पाव फेरा फिरवत बघा, आणि दर खेपेला तारा पुन्हा मध्यात आणा. ही जुळणी क्षितिजालगतच्या ताऱ्यावर करू नये, तिथे चकती उकळतच राहते.

पाट भुशाच्या दाबीव लाकडाचा असतो. खानापूरच्या पावसात त्याच्या उघड्या कडा फुगतात, म्हणून घेतल्याबरोबर कडांना वार्निशचे दोन हात द्यावेत. दंव पडलेली दुर्बीण लगेच पिशवीत कोंबू नये. झाकण काढून आडवी ठेवून वाळवावी, मगच सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद करावी. जून ते सप्टेंबर त्या पुड्या महिन्यातून एकदा तव्यावर मंद आचेवर गरम करून परत ठेवाव्यात.