पॅनेल सॉ झकास, डस्ट कलेक्टर भंगार (दुरुस्ती खाली आहे, शेवटपर्यंत वाचा)

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत भाड्याचा गाळा घेऊन किचन ट्रॉली आणि वॉर्डरोबचं काम सुरू केलं त्याला नऊ महिने होत आले. ३२०० एमएमचा स्लायडिंग पॅनेल सॉ (सरकत्या टेबलाची बोर्ड कापायची करवत), हाताने चालवायचं एज बँडिंग (बोर्डाच्या कडेला पट्टी चिकटवायचं मशीन) आणि ३ एचपीचा दोन पिशव्यांचा डस्ट कलेक्टर (भुसा ओढून पिशवीत भरणारं मशीन). तिन्ही एकाच डीलरकडून, १८ टक्के जीएसटी भरून, पक्क्या बिलाने. नाव लिहीत नाही, कारण पुढे कळेल.

पॅनेल सॉबद्दल दोनच गोष्टी. आधी आम्ही हातकटरने, खाली पट्टी धरून ८ बाय ४ ची शीट कापायचो. प्रीलॅम (वरचा थर आधीच चिकटवून येणाऱ्या) बोर्डाची खालची कड अशी उडायची की उंदराने कुरतडल्यासारखी. इथे स्कोअरिंगचं लहान ब्लेड उलट्या दिशेने फिरत खालून दीड-दोन एमएम चीर आधीच पाडतं, मग मोठं ब्लेड येतं. पांढऱ्या बोर्डाची कड बोटाने चाचपून बघितली, कुठे म्हणून कुठे खरखरली नाही. मेन ब्लेडला धार लावून आणली की दाताची रुंदी केसभर कमी होते. मग स्कोअरिंगच्या दोन पात्यांमधल्या वॉशर काढून-घालून जुळवत बसावं लागतं. त्यात अर्धा दिवस जातो. बाकी तक्रार नाही. एज बँडिंगही ठीक. संपला विषय.

आता डस्ट कलेक्टर. शुद्ध फसवणूक! मशीन सुरू केलं की आवाज विमानाचा आणि ओढ म्हाताऱ्याच्या फुंकरीएवढी. एमडीएफ (लाकडाचे बारीक तंतू दाबून केलेला बोर्ड) कापला की भुसा पिशवीत कमी आणि माझ्या पापण्यांवर जास्त. घरी गेल्यावर पोरगी म्हणायची, बाबा, पिठाच्या गिरणीत लागलात काय? त्यात सोलापुरात पाणी चार-पाच दिवसांआड, रोज डोक्यावरून आंघोळ कुठली करणार!

सर्व्हिसला बारा फोन केले. "पाइप लांब असेल." २० फुटांचा १२ फूट केला. "पिशवी चोक असेल." नवीन पिशव्या घेतल्या, २,८०० रुपये. "जॉइंटमधून हवा जात असेल." क्लॅम्प आणि टेप, आणखी ९००. शेवटी म्हणाले, माणूस पाठवतो, व्हिजिट चार्ज वेगळा. वॉरंटीत व्हिजिट चार्ज? फोन आपटला. एक स्टार, तोही देता येत नाही म्हणून.

इथपर्यंतचं फेब्रुवारीत लिहून ठेवलं होतं, टाकायचं राहून गेलं. बरंच झालं.

आमच्या शेजारच्या गाळ्यात टॉवेलचे माग आहेत. मार्चमध्ये एक दिवस मालक अण्णा हातात पांढरा टॉवेल घेऊन भांडायलाच आले. टॉवेलवर बोट फिरवलं, बोट पिवळं. "हे कोण घेणार बे? अंग पुसायचंय का लाकूड घासायचंय?" मी म्हटलं, अण्णा, हे बघा, मशीनच ओढत नाही. चालू करून दाखवलं, बंद केलं. अण्णांचं माझ्याकडे लक्षच नाही. ते मोटारीच्या मागच्या जाळीत, थांबत आलेल्या पंख्याकडे बघत होते.

"बाण कुठाय?"

कसला बाण? पंख्याच्या घरावर कुठेच दिसेना. मग त्यांनी टॉवेलचं टोक ओलं करून खंडेनवमीला आमच्या हिने काढलेलं कुंकवाचं स्वस्तिक पुसलं. खाली बाण. पंखा बरोबर उलटा फिरत होता. सात महिने.

अण्णांकडे मीटरचं वगैरे काम झालं की माग लावायच्या आधी ते मोटारीची दिशा बघतात, सवयच आहे. मला वाटायचं पंखा उलटा फिरला तर हवा बाहेर फेकेल, म्हणजे लगेच कळेल. तसं होत नाही. या जातीचा पंखा उलटा फिरला तरी ओढतो त्याच बाजूने, फक्त जोर कमी पडतो. म्हणूनच कुणाला शंका आली नाही. मेन स्विच पाडून मोटारीच्या तीन फेजच्या वायरींपैकी दोनांची अदलाबदल केली, की दिशा पालटते. पाच मिनिटं. मग एमडीएफचा तुकडा कापला तर पाइपने माझी पेन्सिलसुद्धा ओढून नेली.

आता खरं सांगतो. सॉची जोडणी कंपनीच्या माणसाने केली होती. डस्ट कलेक्टरच्या जोडणीचे २,५०० वेगळे मागितले म्हणून मी ओळखीच्या वायरमनकडून चहा-भज्यांवर करून घेतली. ते २,५०० वाचवायला ३,७०० घातले, डोळ्यांच्या ड्रॉपचे वेगळे. तरी माझं म्हणणं आहे की बारा फोनमध्ये एकाने तरी "फेज बघा" म्हणायला हवं होतं. म्हणून पाच नाही, चार स्टार. पिशवीचं कापड अजूनही बारीक धूळ सोडतं, एमडीएफला मास्क लावाच.

अण्णांना टॉवेलचे पैसे देऊ केले, घेतले नाहीत. त्यापेक्षा माल ठेवायला १८ एमएम बोर्डाचं कपाट करून दे म्हणाले. दिलं. आता म्हणतायत, कडेला पट्टी ०.८ची नको, २ एमएमची लाव.