फिलिप्पै (ग्रीस): लुदियाचा ओढा, ‘तुरुंग’ आणि बाप्तिस्मागृह पाहायला जाणाऱ्यांसाठी

ख्रिस्ती प्रेषित पौलाच्या प्रवासाच्या वाटेवरच्या सहली फिलिप्पैला घाईत उरकतात. ओढ्यावर फोटो, तुरुंगापाशी फोटो, की चला बसमध्ये. पहिल्या मंडळीत अख्ख्या घराण्याचा बाप्तिस्मा कसा होत असे, हे ज्याला समजून घ्यायचं आहे त्याच्यासाठी ग्रीसमध्ये याहून चांगली जागा नाही. मात्र तिला निदान चार तास द्यावे लागतात आणि क्रमही सांभाळावा लागतो. आधी ओढा, मग अवशेषांतलं अष्टकोनी चर्च (‘अष्टकोन’), ‘तुरुंग’ सगळ्यात शेवटी. आमचे गुण: ओढ्याला पाचपैकी पाच, उत्खननाच्या जागेला चार, तुरुंगाला दोन.

मुक्काम कवालात करावा. हेच बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकातलं नियापलीस, पौल त्रोवसहून येऊन उतरला ते बंदर. तिथून फिलिप्पैच्या जुन्या शहराचे अवशेष पंधरा-सोळा किलोमीटरवर आहेत आणि द्रामाकडे जाणाऱ्या बसने जाता येतं. थेस्सलनीकाहून एका दिवसात जाऊन-येऊन करायचं तर कवालापर्यंतच सुमारे दीडशे किलोमीटर होतात, म्हणून ते टाळलेलं बरं.

लुदियाचं ठिकाण, म्हणजे तिचा बाप्तिस्मा झाला असं मानतात ती जागा, अवशेषांच्या पश्चिमेला, जुन्या शहराच्या वेशीबाहेर आहे. झाडांच्या सावलीत वाहता ओढा, पाण्यात उतरायला पायऱ्या, काठावर मंडळींना बसायला दगडी ओटे आणि शेजारी 1974 साली बांधलेलं अष्टकोनी ऑर्थोडॉक्स बाप्तिस्मामंदिर. नेमकी जागा हीच का, यावर मतभेद आहेत. काही अभ्यासक आणखी पश्चिमेच्या गांगीतिस नदीकडे बोट दाखवतात, काही पूर्वेच्या वेशीकडे. तरीही या ठिकाणाचे गुण आम्ही कापत नाही. कृत्यांच्या मजकुरात जे आहे (वेशीबाहेर, पाण्याकाठी, शब्बाथ या यहुदी विसाव्याच्या दिवशी जमलेल्या बायका) ते इथे डोळ्यांपुढे उभं राहतं.

इथे बसून कृत्ये 16 पूर्ण वाचावं, फक्त लुदियाच्या ओळी नाहीत. या एकाच अध्यायात दोन घराण्यांचा बाप्तिस्मा आहे आणि दोन्ही अगदी वेगळ्या तऱ्हेचे आहेत. लुदिया थुवतीराची, जांभळ्या कापडाची व्यापारी. तिच्या नवऱ्याचा उल्लेख नाही, मुलांचाही नाही. घर तिचं, निर्णय तिचा, आणि बाप्तिस्मा तिचा व तिच्या घराण्याचा. त्या काळी घराणं म्हणजे फक्त रक्ताची माणसं नव्हेत. दास, मुक्त केलेले दास, पदरी असलेली माणसं, धंद्यात हाताखाली राबणारे, सगळे त्यात येत. अशा घराच्या मालकिणीने देव बदलला की चुलीपाशी कोणाची पूजा व्हायची, हे सगळ्यांसाठीच बदलत असे. पुढे ती पौलाला घरी राहण्याचा आग्रह करते, आणि अध्यायाच्या शेवटी तुरुंगातून सुटलेले पौल आणि त्याचा सोबती सीला तिच्याच घरी जाऊन बंधुजनांना भेटतात. बाप्तिस्मा झालेलं घर त्या शहरातल्या मंडळीचं बैठकीचं ठिकाण झालं होतं.

बंदिशाळेच्या नायकाचं, म्हणजे पौल आणि सीला ज्याच्या ताब्यात कैद होते त्या अधिकाऱ्याचं, तसं नाही. तिथे सगळं एका रात्रीत घडतं, आणि क्रम बारकाईने पाहण्यासारखा आहे: आधी त्याला आणि त्याच्या घरच्या सगळ्यांना वचन सांगितलं जातं, मग तो कैद्यांच्या जखमा धुतो, लगेच त्याचा आणि त्याच्या माणसांचा बाप्तिस्मा होतो, मग तो त्यांना घरात नेऊन जेवू घालतो. पाणी कुठलं, हौदाचं की विहिरीचं, मजकूर सांगत नाही. मध्यरात्र उलटल्यावर वेशीबाहेर ओढ्यावर जाणं अवघडच. इथे ‘दिदाखे’ या फार जुन्या ख्रिस्ती नियमावलीचा सातवा अध्याय उपयोगी पडतो: वाहतं पाणी असेल तर ते, नसेल तर दुसरं, थंड नसेल तर कोमट, तेवढंही नसेल तर डोक्यावर तीनदा ओतावं. म्हणजे लुदियाला मिळालं असावं तसं पाणी पहिल्या पसंतीचं, आणि नायकाच्या घरी जे हाताशी असेल तेही चालणारं.

मग घराण्यात तान्ही मुलं होती का? बहुतेक गाईड इथे आपापल्या मंडळीचं उत्तर ठाम सांगून मोकळे होतात. खरं तर बायबलमध्ये घराण्यासकट बाप्तिस्मा झालेल्या कर्नेल्य, लुदिया, नायक, क्रिस्प, स्तेफना यांपैकी एकाही घराच्या वर्णनात लहान मुलांचा वेगळा उल्लेख नाही, आणि त्यांना वगळल्याचाही नाही. विसाव्या शतकाच्या मध्याला योआखिम येरेमियास आणि कुर्ट आलांद या जर्मन अभ्यासकांचा जो गाजलेला वाद झाला, तो याच मौनावरून. पुढचे पुरावे मात्र पक्के आहेत. इ.स. 200 च्या सुमारास तर्तुल्यन हा ख्रिस्ती लेखक लहान मुलांचा बाप्तिस्मा लांबवावा असा सल्ला देतो, म्हणजे तो कुठेतरी होत होताच. हिप्पोलितसच्या नावावर असलेली ‘प्रेषितीय परंपरा’ ही जुनी नियमावली तर क्रमच लावून देते: आधी मुलं, मग पुरुष, शेवटी केस मोकळे सोडलेल्या, दागिने उतरवलेल्या स्त्रिया, आणि ज्या मुलांना बोलता येत नाही त्यांच्यातर्फे आईबाप किंवा घरचं कोणी उत्तर देईल. घराणं पाण्यात उतरतं तेव्हा कोण कोणाच्या वतीने बोलतं, हे यात पहिल्यांदा स्पष्ट दिसतं. लुदियाच्या ओढ्यावर माहितीचा एकच फलक लावायचा झाला तर आम्ही यावर लावू.

तिथून अवशेषांत यावं आणि थेट अष्टकोनाकडे जावं. नाट्यगृह आणि बासिलिका ‘ब’ या जुन्या चर्चचे उंच खांब लांबूनच लक्ष वेधून घेतात, पण या विषयासाठी ते दुय्यम आहेत. अष्टकोनी चर्चच्या जागी आधी पौलाच्या नावाचं एक साधं प्रार्थनागृह होतं. त्याच्या मोझाइक फरशीवर बिशप पोर्फिरिओस याचं नाव आहे. तो चौथ्या शतकाच्या पूर्वार्धात सार्दिकाच्या (आजच्या सोफियातल्या) धर्मपरिषदेला हजर होता, म्हणून फरशीचा काळ ठरवता येतो. चर्चला लागूनच बाप्तिस्मागृहाच्या खोल्या आणि जमिनीत बांधलेलं कुंड आहे. लोक पाच मिनिटांत पुढे सरकतात, आम्ही अर्धा तास सुचवू. ऐकणं, कबुली आणि पाणी हे सगळं नायकाच्या घरी एका रात्रीत आटोपलं होतं. इथे त्यासाठी बिशपच्या आवारात पक्की वास्तू आहे, कारण तोवर बाप्तिस्म्याआधी शिकवणीचा मोठा काळ आला होता. घरधन्याच्या अंगणातला संस्कार बिशपच्या हाती कसा गेला, ते या दोन ठिकाणांमधल्या छोट्या अंतरात चालता चालता कळतं. हेच फिलिप्पैचं मोल.

आता तुरुंग. बासिलिका ‘अ’जवळ जी जागा दाखवतात ते मुळात रोमी काळातलं पाण्याचं टाकं आहे, पुढे तिथे पौलाच्या बंदिवासाची आठवण जोडली गेली आणि प्रार्थना होऊ लागली. ख्रिस्ती भक्तीचा जुना टप्पा म्हणून जरूर पाहावं, पण नायकाचं घर इथे शोधू नये. गुण कापले ते ठिकाणाचे नव्हेत, ते ज्या खात्रीने दाखवलं जातं तिचे.

अवशेषांत सावली जवळपास नाही. जून ते ऑगस्टमध्ये सकाळी दार उघडताच आत जावं, पाणी आणि टोपी सोबत ठेवावी, सपाट तळव्याच्या चपला नकोत. एग्नाशिया या रोमी मार्गाचे दगड झिजून गुळगुळीत झाले आहेत. ओढ्याजवळच्या मंदिरात खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. 20 मे हा ऑर्थोडॉक्स मंडळीत लुदियाचा सण. विधी पाहायचा असेल तर तो दिवस, शांतपणे वाचायचं असेल तर दुसरा कोणताही.

महाराष्ट्रातून मंडळीसोबत जाऊन ओढ्यावर कुटुंबाचा बाप्तिस्मा करायचा विचार असेल तर तयारी घरूनच करावी. परवानगीसाठी आगाऊ पत्र लिहावं; मंदिर ऑर्थोडॉक्सांचं आहे, तिथे दुसऱ्या मंडळीचा विधी गृहीत धरू नये. पाण्याची पातळी हंगामानुसार बदलते, म्हणून पाळकांनी आधी स्वतः उतरून पाय कुठे टिकतात ते पाहावं. पाणी थंड असतं. लहान मुलं आणि वयस्कर यांना आधी आटोपून लगेच कोरडं करावं. प्रत्येकी दोन जोड कपडे, जाड टॉवेल आणि पातळ सुती पांढऱ्याऐवजी जाड कापडाचे झगे न्यावेत, कारण पातळ पांढरं कापड भिजलं की अंगाला चिकटतं. नोंद तिथे मिळेल असं धरून चालू नये. नावं, जन्मतारखा आणि साक्षीदारांच्या सह्या तिथल्या तिथे कागदावर घ्याव्यात आणि परतल्यावर आपल्या मंडळीच्या नोंदवहीत चढवाव्यात.