शिडाच्या लहान होडीसाठी लेड-अ‍ॅसिड बॅटरी की लिथियम?

होडीवर सोलर बसवायचं म्हटलं की पहिला प्रश्न येतो तो पॅनेल किती वॉटचं. माझं सांगणं, आधी एका रात्रीचा खर्च मांडा. दिवाळे कोळीवाड्याच्या बाजूला खाडीत वीस-बावीस फुटी होडी नांगरून रात्र काढायची तर डोलकाठीवरचा ३ वॉटचा एलईडी दहा तास, म्हणजे ३० वॉट-तास. वायरलेस आणि जीपीएसचे मिळून १२०, मोबाइलचे ३०, तळातलं पाणी उपसणाऱ्या पंपाचे १०. झाले १९०. बारा व्होल्टवर साधारण १६ एएच (अँपिअर-तास).

लेड-अ‍ॅसिड निम्म्याखाली उतरवली की तिचं आयुष्य झपाट्यानं घटतं. म्हणून १०० एएचची घेतली तरी हाताशी ५०च, आणि वजन तीस किलोच्या घरात. लिथियम आयर्न फॉस्फेटच्या ५० एएचमधून ४० निर्धास्त मिळतात, वजन सहा-सात किलो. एवढ्याशा होडीत वीस-बावीस किलोचा फरक शीड भरल्यावर लगेच जाणवतो.

शिवाय आपली खाडी गाळाची. पाण्याची लेड-अ‍ॅसिड मी वापरली आहे. उधाणाच्या ओहोटीला होडी चिखलात बसली, एका कुशीवर कलंडली आणि बॅटरीच्या बुचांतून अ‍ॅसिड झिरपलं. सकाळी पेटी उघडली तर तळाचं लाकूड काळवंडलेलं, टर्मिनलवर हिरवट पूड. लेड-अ‍ॅसिडच घ्यायची असेल तर निदान सीलबंद घ्या. इंजिनाला सेल्फ स्टार्ट असेल तर त्याच्यासाठी मात्र ती वेगळी ठेवाच. खरेदीलाही ती स्वस्त पडते.

लिथियमची खोड वेगळी. तिचा व्होल्टेज शेवटपर्यंत १३च्या आसपास राहतो आणि मग बीएमएस, म्हणजे बॅटरीच्या आतलं संरक्षक सर्किट, एकदम वीज तोडतं. व्होल्टमीटरवर विसंबू नका, गेलेले-आलेले एएच मोजणारा मीटर लावा.

पॅनेल १०० वॉटचं, काचेचं, खाली हवा खेळेल असं बसवा. डेकला चिकटवलेलं लवचीक पॅनेल दिसतं छान, पण उन्हात जास्त तापतं, वीज कमी देतं आणि लवकर खराब होतं. चालण्याच्या वाटेवर दुसरी सोयच नसेल तर ठीक. त्याहून मोठा शत्रू सावली. डोलकाठीची पट्टी आडवी पडली किंवा हिवाळ्यात कुरव बसून घाण करून गेले, तरी वीज निम्म्यावर येऊ शकते. म्हणून पॅनेल मागच्या बाजूला, शिडाच्या सावलीपासून दूर, आणि फडकं हाताशी. पॅनेल आणि बॅटरीच्या मधे बसणाऱ्या चार्ज कंट्रोलरवर लिथियमची सेटिंग आहे ना, ते बघून घ्या.

वायर कल्हई केलेल्या तांब्याचीच. साधं तांबं खाऱ्या हवेत आतून काळं पडतं. फ्यूज बॅटरीच्या धन टोकाला चिकटून.

जूनमध्ये होडी काठावर ओढली की लेड-अ‍ॅसिड पूर्ण भरून ठेवावी लागते आणि दर महिन्याला चार्ज द्यावा लागतो. लिथियम निम्मी भरलेली काढून घरी कोरड्या जागी ठेवली की गणपतीपर्यंत तिच्याकडे बघावं लागत नाही.