अंधारात विरणारा प्रकाश : १६ बिट की दिव्याचे अंगभूत स्मूदिंग?

रंगमंचावरचे एलईडी दिवे संगणकावरून चालवताना एक निवड करावीच लागते. दिवा ८ बिट मोडमध्ये (उजेडाची पातळी एकाच चॅनलवरून, म्हणजे एकाच आकड्याने) ठेवून त्याच्या अंगभूत स्मूदिंगवर, म्हणजे नव्या पातळीवर उडी न मारता सरकत जाण्याच्या सोयीवर, विसंबायचे, की डिमरला (उजेड कमीजास्त करणाऱ्या भागाला) दोन चॅनल देऊन १६ बिट मोड घ्यायचा? मी दोन्ही प्रकारे प्रयोग केले आहेत.

हॅलोजनच्या दिव्यांत हा प्रश्न फारसा जाणवत नसे, कारण तापलेली तार सावकाश निवत असे आणि दोन पातळ्यांमधली उडी आपोआप झाकली जात असे. एलईडी मात्र आलेला आकडा तत्क्षणी दाखवतो. ८ बिटमध्ये एकूण पातळ्या २५६. त्यामुळे १० टक्क्यांवरून शून्यावर ३० सेकंदांत यायचे म्हटले, तर जेमतेम २५ पायऱ्या वाट्याला येतात, म्हणजे एकेक पायरी सव्वा सेकंदाची, आणि तळाशी दोनवरून एकवर येताना प्रकाश जवळजवळ निम्मा होतो. १६ बिटमध्ये तेवढ्याच अंतरात साडेसहा हजार पातळ्या मिळतात.

स्मूदिंग या पायऱ्यांमधली जागा दिव्यातच भरून काढते, चॅनल वाचवते आणि लहान कन्सोललाही (दिवे चालवणाऱ्या यंत्रणेलाही) झेपते. चार रंगांच्या दिव्याचे सगळे रंग १६ बिटमध्ये घेतले की चारऐवजी आठ चॅनल लागतात आणि ५१२ चॅनलचे युनिव्हर्स (चॅनलचा एक संच) भराभर भरते, हे मान्यच करायला हवे. तरीही माझे मन फिरले ते ब्लॅकआउटमुळे. एका प्रयोगात मृत्यूच्या प्रवेशानंतर झटक्यात अंधार हवा होता. फेड (प्रकाशाचे सावकाश विरणे) मऊ यावेत म्हणून मी स्मूदिंग संथ ठेवले होते. क्यू (प्रकाश बदलण्याची आज्ञा) वेळेवर गेला, पण दिवे रेंगाळले आणि त्या उरलेल्या उजेडात आमचा मृत नायक उठून विंगेकडे जाताना पहिल्या रांगांना व्यवस्थित दिसला. स्मूदिंग जलद केले, तर फेडमधल्या पायऱ्या परत आल्या. मी वापरलेल्या दिव्यांत तरी फेड आणि ब्लॅकआउट यांसाठी ही मात्रा वेगवेगळी ठेवता येत नव्हती, आणि दोन बनावटींचे दिवे एकत्र लावले की त्यांचे रेंगाळणेही जुळत नसे.

१६ बिटमध्ये स्मूदिंग बंद ठेवले की फेडचा वेळ एकटा कन्सोल ठरवतो, त्यामुळे शून्य सेकंद म्हणजे शून्यच. अर्थात दिव्यातला ड्रायव्हर (एलईडीला वीज पुरवणारे सर्किट) कच्चा असेल, तर दोन चॅनल देऊनही तळाशी गचका बसतोच. म्हणून दिवा निवडण्यापूर्वी पूर्ण अंधारात, पांढऱ्या भिंतीवर, ५ टक्क्यांवरून शून्यापर्यंत एक मिनिटाचा फेड पाहून घ्यावा.

मागच्या पडद्यावरच्या रंगांसाठी मी अजूनही ८ बिट आणि स्मूदिंगच ठेवतो. तिथे कोणाचा चेहरा नसतो. चेहऱ्यावरचे दिवे मात्र १६ बिटवर गेले आहेत. मोड बदलल्यावर पुढच्या दिव्यांचे अ‍ॅड्रेस (सुरुवातीच्या चॅनलचे क्रमांक) सरकतात, तेव्हा हा बदल प्रयोगाच्या दिवशी करू नये.